‘क्वेकर सिटी’ची कैफियत

यात्रा आणि सहल ह्या दोन शब्दांमध्ये आपल्या भाषेने जो भेद मानला आहे तो वाचकांस नव्याने सांगावयास नको. यात्रेस संकल्प लागतो, नेमधर्म लागतो, आणि परत आल्यावर मावंदे घातल्याखेरीज ती पुरी झाली असे घरची वडीलधारी माणसे मानीत नाहीत. सहलीस सवड असली आणि गाठीस पैसा असला म्हणजे पुरते. परंतु एकाच तिकिटात दोन्ही साधावयाचे ठरविले, काही दिवस देवाचे आणि काही मौजेचे असा करारच केला, तर त्या प्रवाशास यात्रेकरू म्हणावे की सहलकरी? आज आपल्याकडे यात्रा कंपन्यांच्या जाहिरातींत ज्योतिर्लिंग आणि थंड हवेचे ठिकाण एकाच ओळीत छापलेले दिसते, तेव्हा हा प्रश्न निव्वळ शब्दांचा उरलेला नाही.

ह्या प्रश्नाचा एक जुना खटला इतिहासाच्या दप्तरी पडून आहे. करारपत्र आहे, साक्षीदार आहेत, त्यांच्या जबान्या परस्परविरोधी आहेत, आणि अखेरचा निवाडा मात्र कोणी दिलेला नाही. घटनास्थळ भूमध्य समुद्र, साल १८६७, आणि पक्षकार सारे अमेरिकेतील ख्रिस्ती गृहस्थ. आमचा व्यवसाय वकिलीचा. त्यामुळे ही कागदपत्रे प्रथम हाती आली तेव्हा त्यांतील विनोदापेक्षा त्यांतील मुद्द्यांकडेच आमचे लक्ष अधिक गेले, हे आरंभीच सांगून टाकतो.

त्या काळी आपल्याकडे समुद्रापलीकडे जाणे हीच मुळात वादाची बाब होती. समुद्रपर्यटन केलेल्या द्विजास पुन्हा पंक्तीस घेणे हे धर्मनिबंधकारांनी कलिवर्ज्यांत घातलेले आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्यांनी, जे स्वतः नामांकित वकील होते, आपल्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ ह्या ग्रंथात कलिवर्ज्यांची सविस्तर चर्चा केली आहे, ती जिज्ञासूंनी अवश्य पाहावी. विलायतेहून परतलेल्या तरुणाने प्रायश्चित्त घ्यावे की नाही ह्यावर आपली वर्तमानपत्रे पुढे कित्येक वर्षे भांडत होती. आपण समुद्र ओलांडल्याने धर्म जातो की राहतो ह्याचा खल करीत होतो. आणि अमेरिकेतील एक चर्चमंडळी धर्मासाठीच समुद्र ओलांडावयास निघाली होती.

भूमध्य समुद्रात केवळ पाहण्यासाठी म्हणून फिरणे त्यापूर्वी कोणी केले नव्हते असे नाही. कलकत्त्यास जन्मलेला इंग्रज कादंबरीकार थॅकरे हा १८४४ साली ‘पी. अँड ओ.’ कंपनीच्या आगबोटींतून, कंपनीनेच दिलेल्या फुकट तिकिटावर, माल्टा, अथेन्स, कॉन्स्टँटिनोपल, जेरुसलेम आणि कैरो पाहून आला होता. परंतु तो नेहमीच्या टपालाच्या बोटी बदलत बदलत गेला. एकच बोट संपूर्ण भाड्याने घ्यावयाची, ओळखीपाळखीची माणसे निवडून तीत बसवावयाची, आणि बंदरामागून बंदर करीत त्याच बोटीने परत यावयाचे, ही कल्पना मोठ्या प्रमाणावर अमलात आणली ती ब्रुकलिन येथील प्लायमथ चर्चशी संबंधित मंडळींनी. ह्या चर्चचा धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचर हा त्या काळचा अमेरिकेतील सर्वांत गाजलेला वक्ता. त्याच्याच मंडळीतील कॅप्टन चार्ल्स डंकन ह्याने ‘क्वेकर सिटी’ नावाची बोट ठरविली. बाजूस चाके असलेली ही आगबोट १८५४ साली फिलाडेल्फियास बांधली गेली होती आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या आरमारात तिने काम केले होते. तोफा उतरवून तीवर आता सामुदायिक प्रार्थनेसाठी वाद्य चढविण्यात आले.

१ फेब्रुवारी १८६७ ह्या तारखेचे प्रवासाचे जाहीरपत्रक उपलब्ध आहे, आणि करारपत्रे वाचण्याची ज्यास सवय आहे त्याने ते मुळातून वाचावे असेच आहे. भाडे प्रौढास १२५० डॉलर. किनाऱ्यावरील खर्चास दररोज सुमारे ५ डॉलर, तेही सोन्याच्या नाण्यात, धरावे अशी सूचना. दहा टक्के इसारा भरल्यावाचून जागा पक्की नाही. अर्ज येतील ते एक समिती तपासून पाहणार आणि योग्य अशाच गृहस्थांस घेणार. दीडशे प्रवाशांची सोय; वर ग्रंथालय, वाद्ये आणि अनुभवी डॉक्टर. मार्ग असा: अझोर्स बेटे, जिब्राल्टर, मार्सेय आणि तेथून पॅरिसचे प्रदर्शन, जिनोआ, लेगहॉर्न, रोम, नेपल्स, अथेन्स, कॉन्स्टँटिनोपल, स्मर्ना, बेरूत, जाफा, जेरुसलेम, ईजिप्त. सर्वांत मौजेची शर्त ही की, प्रवाशांनी एकमताने ठरविल्यास मार्ग बदलता येईल. एकमत! ज्याने कधी एखाद्या देवस्थानच्या महाजनांची वार्षिक सभा पाहिली असेल त्यास ह्या शर्तीचे मोल सांगावयास नको. शर्त घालणारा भोळा नसावा. बदल होऊच नये म्हणून त्याने ती घातली असावी, असा आमचा कयास आहे.

स्वतः बीचर बरोबर येणार असा बोभाटा झाला होता. यादवी युद्धातील विख्यात सेनापती शर्मन हाही येणार होता. दोघेही आले नाहीत. दीडशेच्या जागी कसेबसे सत्तरच्या आसपास प्रवासी जमले, आणि त्यांतील बहुतेक चाळिशी ओलांडलेले, पुष्कळ तर साठीला टेकलेले. ८ जून १८६७ रोजी न्यूयॉर्कचा धक्का सुटला, पण वादळामुळे बोट बंदराच्या तोंडाशीच नांगरून राहिली आणि खरे प्रस्थान दोन दिवसांनी झाले.

ह्या प्रवाशांत एक एकतीस वर्षांचा वार्ताहर होता. सॅनफ्रान्सिस्कोच्या ‘अल्टा कॅलिफोर्निया’ ह्या पत्राने त्याचे भाडे भरले होते आणि दर पत्रामागे २० डॉलर द्यावयाचे कबूल केले होते. नाव सॅम्युअल क्लेमेन्स. जग त्यास मार्क ट्वेन म्हणून ओळखते. ह्या प्रवासावरील त्याचे ‘द इनोसंट्स अब्रॉड’ हे पुस्तक १८६९ साली निघाले आणि पहिल्या वर्षातच त्याच्या सुमारे सत्तर हजार प्रती खपल्या. तेव्हापासून ह्या यात्रेचा इतिहास म्हणजे ट्वेनची जबानी असे समीकरण होऊन बसले आहे. पण जबानी ती जबानी. तिचा विचार पुढे करू.

बोटीवर लवकरच दोन तट पडले. ट्वेनने एकास यात्रेकरू म्हटले आणि दुसऱ्यास, ज्यांत तो स्वतः मोडत होता, पापी म्हटले. यात्रेकरू रोज सायंकाळी प्रार्थनेस जमत, रोजनिशी लिहीत, आणि डेकवर नाच सुरू झाला की नाक मुरडीत. पापी मंडळी धूम्रपान करीत, पत्ते कुटीत आणि रात्री उशिरापर्यंत गप्पा मारीत. ट्वेनच्या खोलीत त्याचा सोबती डॅन स्लोट हा व्यापारी होता. बोटीचा डॉक्टर जॅक्सन आणि व्हॅन नॉस्ट्रँड नावाचा एक तरुण हे त्या टोळीचे आधारस्तंभ. उलट बाजूस असूनही ह्या टोळीवर जिची माया जडली अशी एक बाई होती, क्लीव्हलँडची मेरी फेअरबँक्स. ती आपल्या पतीच्या वर्तमानपत्रास पत्रे लिहीत असे. ट्वेनहून वयाने ती सातच वर्षांनी मोठी, पण तो तिला ‘मदर’ म्हणे, आणि तिने खरडपट्टी काढली की मजकूर फाडून पुन्हा लिहून काढी. तिच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ, हा स्नेह टिकला.

पहिल्या टप्प्याविषयी फार लिहीत नाही. पॅरिस, मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम ही शहरे पाहणाऱ्यांनी जे पाहावयाचे ते त्यांनी पाहिले, आणि चित्रे पाहून पाहून ते कंटाळले. त्या उन्हाळ्यात भूमध्य समुद्राच्या सर्व बंदरांवर एका रोगाची सावली होती, तिच्याविषयी मात्र दोन शब्द लिहिले पाहिजेत. १८६५ साली मक्केच्या यात्रेत पटकीने हाहाकार उडाला आणि तेथून ती युरोपभर पसरली. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे राष्ट्राराष्ट्रांचे वैद्य व मुत्सद्दी परिषदेसाठी जमले, आणि पटकीचे माहेर गंगेच्या मुखाकडचा प्रदेश असून यात्रांमुळे ती फैलावते असा अभिप्राय त्यांनी दिला. म्हणजे आमच्या गंगेचे नाव त्या वर्षी भूमध्य समुद्राच्या बंदराबंदरांवर घेतले जात होते, पण ते पावित्र्यासाठी नव्हे. ह्या अमेरिकनांस इटलीतील कोमो सरोवराकाठी एका खोलीत कोंडून धुरी देण्यात आली. ज्यांनी कधी घरी दुसऱ्याचा विटाळ मानला असेल त्यांस परक्या मुलखात आपलाच विटाळ मानला गेला म्हणजे कसे वाटते, ह्याचा अनुभव त्या खोलीत मिळाला असता.

अथेन्सचे बंदर पिरिअस येथे तर अकरा दिवस क्वारंटाइन पाळा किंवा चालते व्हा, असा हुकूम झाला. अकरा दिवस थांबणे शक्य नव्हते. समोर ॲक्रोपोलिस दिसत आहे, आणि उतरावयाची बंदी. त्या रात्री ट्वेन, डॉक्टर जॅक्सन आणि आणखी दोघे होडीतून गुपचूप किनाऱ्यास लागले, वाटेत द्राक्षांच्या मळ्यांत चोऱ्या केल्या, चांदण्यात पार्थेनॉन पाहिले आणि उजाडण्यापूर्वी बोटीवर परतले. कायदा मोडला हे उघड आहे. वकील ह्या नात्याने आम्ही त्यांचा बचाव करणार नाही. क्वारंटाइनचा नियम त्या गावच्या मुलाबाळांसाठी होता, आणि ह्या चौघांच्या अंगात रोग नव्हता ही केवळ गावाची पुण्याई. मात्र हा गुन्हा त्यांनी स्वतःच्या जिवावर केला आणि स्वतःच लिहून कबूल केला, एवढे नोंदवून ठेवू. कारण पुढे जे घडले त्यात कायदा एकही मोडलेला नाही.

काळ्या समुद्रात याल्टा येथे रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर ह्याने ह्या मंडळींस भेट दिली, मानपत्र ट्वेननेच लिहिले होते, ही कथा प्रसिद्ध आहे आणि आपल्या मुद्द्यास तिचा उपयोग नाही. आपण बेरूत येथे उतरू.

बेरूतहून आठ जणांची एक तुकडी सीरियातून खुष्कीने जेरुसलेमकडे निघाली. आठ धन्यांच्या दिमतीस १९ नोकर आणि २६ ओझ्याची खेचरे. माणशी रोजचे ५ डॉलर सोन्यात. वाटेत बालबेकची भव्य देवळे पाहून दमास्कसकडे वळावयाचे होते. वाट तीन दिवसांची. पण मध्ये रविवार येत होता, आणि तुकडीतील तिघा यात्रेकरूंचा नेम असा की रविवारी प्रवास म्हणून करावयाचा नाही. एक दिवस तंबूत थांबावे तर वेळापत्रक बिघडते. तेव्हा त्यांनी तीन दिवसांची वाट दोन दिवसांहून कमी वेळात तोडावयाचे ठरविले. घोडी आधीच थकलेली, पाठी सोललेल्या, काही लंगडणारी. ऑगस्ट सरून सप्टेंबर लागला तरी त्या मुलखातील ऊन भाजून काढणारे. ट्वेनने विनवण्या केल्या, वाद घातला. मुक्या जनावरास संकटातून सोडविण्यासाठी विश्रांतिवारही मोडावा असे खुद्द ख्रिस्ताचे सांगणे आहे, ते त्याच्याच भक्तांपुढे मांडले. काही उपयोग झाला नाही. दौड झाली. रविवार पाळला गेला.

हा प्रसंग आम्ही अनेकदा वाचला आहे, आणि प्रत्येक वेळी आपल्याकडील काही चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. एकादशीचा निर्जळी उपास स्वतः करून घरच्या पोरसवदा नोकरमाणसास रात्री उशिरापर्यंत फराळाच्या पदार्थांसाठी राबविणारी घरे वाचकांनी पाहिली नसतील असे नाही. नेमाचा भार ज्याने घेतला त्यानेच तो उचलावा, दुसऱ्याच्या पाठीवर, मग ती पाठ घोड्याची का असेना, टाकू नये, ही अट कोणत्याही व्रताच्या संकल्पात स्पष्ट लिहिलेली नसते. ती गृहीत असते. न्यायालयातही गृहीत अटींवरूनच निम्मे खटले उभे राहतात.

पुढे गालिली सरोवर आले. ज्या पाण्यावर ख्रिस्त नौकेतून फिरला त्या पाण्यावर एकदा तरी होडीतून जावे, ह्या एका इच्छेसाठी त्या यात्रेकरूंनी अर्धे जग पार केले होते. किनाऱ्याजवळून एक होडी चालली होती. दुभाष्यामार्फत भाडे विचारले. नावाड्याने दोन नेपोलियन, म्हणजे आठ डॉलर मागितले. फार झाले, एक देऊ, असा जबाब गेला. नावाड्याने दुसरा शब्द न बोलता होडी वळविली आणि तो निघाला. मग मात्र सर्व जण काठाकाठाने धावले, दोन घे, वाटेल तेवढे घे, म्हणून ओरडले; होडी काही परतली नाही. माणशी एक डॉलर! साडेबाराशे डॉलर भाडे भरून आलेल्यांनी माणशी एका डॉलरची घासाघीस केली आणि ज्यासाठी आलो ते डोळ्यांदेखत दूर जाताना पाहिले. पंढरपुरास चंद्रभागेच्या काठी नावाड्याशी हुज्जत घालणारे आपले लोक काही निराळे नसतात, हेही येथे कबूल केले पाहिजे. पण आपला नावाडी बहुधा परत येतो.

ह्या दोन गोष्टी हसण्यावारी नेता येतील; नैन येथील नेता येत नाही. नैन हे नाझरेथच्या पलीकडचे एक खेडे. एका विधवेच्या मृत पुत्रास ख्रिस्ताने तेथे उठविले अशी कथा आहे, आणि तिचे घर होते असे सांगतात त्या जागी एक लहानशी मशीद आहे. गावातील दोन-तीन वृद्ध अरब दाराशी बसले होते. यात्रेकरू बुटांसह आत शिरले, आणि आठवण म्हणून भिंतीच्या पायाचे दगड फोडून टवके काढू लागले. त्यासाठी नमाजाच्या सतरंज्यांवर पाय द्यावे लागले, ते त्यांनी दिले. वृद्ध पाहत राहिले. ट्वेन एरवी ह्या लोकांविषयी फारसा कनवाळू नव्हता. पण येथे त्याने आपल्या वाचकांस थांबवून विचारले आहे की, हत्यारबंद परके लोक आपल्या गावच्या चर्चमध्ये शिरून वेदीच्या कठड्याची नक्षी तोडून नेऊ लागले तर आपणांस काय वाटेल?

गोमंतकातील वाचकांस हे दृश्य कल्पनेने उभे करावयाचे कारण नाही. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास का आला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास का आली, हे ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते त्यांस त्या वृद्धांच्या गप्प बसण्याचा अर्थ चटकन कळेल. आम्ही दोन्ही गोष्टी एका मापाने मोजीत नाही. एक राज्यसत्तेचा हुकूम होता, दुसरी रिकाम्या खिशाची हाव. पण हातोडी उचलणारा आपण भक्तिभावानेच हे करीत आहोत असे प्रामाणिकपणे मानीत होता, ही गोष्ट आम्हांस विचार करण्यासारखी वाटते.

ही टवके काढण्याची खोड एका नैनपुरती नव्हती. इफिसस येथे त्यांची अब्रू आधीच गेली होती. कॉन्स्टँटिनोपलहून फर्मान सुटले होते, आणि परतताना सर्वांचे खिसे रिकामे करून घेण्यात आले. ईजिप्तमध्ये तर एकाने स्फिंक्सच्या तोंडावर हातोडी चालविली. स्फिंक्सने दाद दिली नाही.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे. आजवर जे सांगितले ते बहुतांशी एकट्या ट्वेनच्या तोंडून, आणि ट्वेनचा धंदाच हसविण्याचा. ह्या बोटीवरून अनेकांनी वर्तमानपत्रांस पत्रे धाडली. कॅप्टन डंकनने नोंदी ठेवल्या. एमिली सेव्हरन्स ह्या बाईने घरी लिहिलेली पत्रे १९३८ साली ग्रंथरूपाने निघाली. १९६८ साली ड्यूई गँझेल ह्या अभ्यासकाने ही सर्व साक्ष एकत्र तपासली आणि ट्वेनने जागोजाग रंग भरला आहे असे दाखवून दिले. नाच काही रोज बंद पाडला जात नव्हता, आणि यात्रेकरू सारे रुक्ष नव्हते. शिवाय सीरियातील गरिबांविषयी, त्यांच्या आजारांविषयी, त्यांच्या धर्माविषयी ट्वेनने जे लिहिले आहे त्यांतील पुष्कळसे आज वाचवत नाही. दुसऱ्याच्या मशिदीसाठी एकदा कळवळणारा हा मनुष्य इतर पन्नास पृष्ठांवर त्या लोकांस तुच्छ लेखतो. प्रवास संपला त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या एका पत्रात त्याने सहप्रवाशांची जी टवाळी केली तिने कित्येक चांगली माणसे दुखावली. डंकनशी तर त्याचे वैर पुढे वाढत गेले. १८८३ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये ट्वेनची डंकनवर आग पाखडणारी मुलाखत आली, तेव्हा डंकनने त्या पत्रावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. दावा त्याने जिंकला. नुकसानभरपाई मिळाली ती बारा सेंट.

तरीही घोडी, होडी आणि नैन ह्या तीन बाबतींत ट्वेनच्या साक्षीचा गाभा आम्ही ग्राह्य धरतो. कारण सोपे आहे. ह्याच साक्षीदाराने यात्रेकरूंच्या बाजूची सर्वांत चांगली गोष्टही लिहून ठेवली आहे, आणि तीत विनोदाचा एक शब्द नाही.

ती गोष्ट जाफाची. जॉर्ज ॲडम्स नावाच्या एका स्वयंघोषित प्रेषिताच्या नादी लागून अमेरिकेच्या मेन प्रांतातील दीडशेहून अधिक माणसे, बायकामुलांसह, १८६६ च्या सप्टेंबरात जाफास येऊन उतरली होती. प्रभूचे आगमन जवळ आले आहे, पवित्र भूमी कसण्यास लागा, असे त्याने त्यांस सांगितले होते. घरे बांधण्यासाठी लाकूडसामान त्यांनी मायदेशाहून बोटीत घालून आणले. थोड्याच महिन्यांत आजाराने कित्येक दगावले, पीक बुडाले, पैसा प्रेषिताच्या हाती गेला आणि प्रेषित दारूच्या. जाफास ‘क्वेकर सिटी’ लागली तेव्हा ह्यांतील सुमारे चाळीस माणसे तीत चढली. ती निष्कांचन होती. कोणावर रागावण्याचीही शक्ती त्यांच्यात उरली नव्हती, असे दिसते. बोटीवरच्या लोकांनी विचारले तेवढ्यालाच उत्तर ती देत. अलेक्झांड्रियास ह्यांना उतरविले खरे, पण पुढे काय?

बोटीवर मोझेस बीच नावाचे गृहस्थ होते; ‘न्यूयॉर्क सन’ ह्या पत्राचे मालक, आणि प्लायमथ चर्चच्याच मंडळीतले. त्यांनी अमेरिकेच्या वकिलातीत जाऊन चौकशी केली की, ह्या सर्वांस लिव्हरपूलमार्गे मेनला पोचवावयास किती लागतील? सोन्याचे १५०० डॉलर, असे उत्तर आले. बीच ह्यांनी धनादेश लिहून दिला. एवढेच. वाचकांनी हिशेब पाहावा: बोटीचे भाडे १२५० डॉलर होते, आणि यादवी युद्धानंतरच्या त्या वर्षांत सोन्याचा डॉलर कागदी डॉलरहून बराच महाग होता. म्हणजे आपल्या यात्रेस जे भाडे पडले त्याहून पुष्कळ अधिक रक्कम ह्या गृहस्थांनी दुसऱ्यांच्या फसलेल्या यात्रेसाठी मोजली. सभा भरविली नाही, वर्गणी मागितली नाही, एकमताची वाट पाहिली नाही. ऑलिव्ह पर्वतावरील लाकूड त्यांनीही आणले. त्याचा उपयोग प्लायमथ चर्चच्या व्यासपीठासाठी झाला.

त्या वसाहतीतील काही लाकडी घरे पुढे जर्मन टेम्पलर पंथीयांनी १८६९ साली विकत घेतली. मेनहून आणलेल्या लाकडाचे एकदोन सांगाडे जाफास अद्याप उभे आहेत.

१९ नोव्हेंबर १८६७ रोजी बोट न्यूयॉर्कला परतली. येताना सार्डिनिया, अल्जिअर्स, मालागा येथील बंदरे क्वारंटाइनमुळे बंदच होती. मित्रमंडळींचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. स्मर्नाच्या उपसागरात चार्ल्स लँग्डन ह्या तरुण सहप्रवाशाने आपल्या बहिणीचे लहानसे चित्र दाखविले आणि आपण त्याच क्षणी तिच्या प्रेमात पडलो, असे ट्वेन म्हातारपणी सांगत असे. तेथेच पडला की नाही हे कोणी सिद्ध करू शकत नाही. ऑलिव्हिया लँग्डनशी त्याचा विवाह २ फेब्रुवारी १८७० रोजी झाला हे मात्र नोंदलेले आहे. डॅन स्लोटबरोबर त्याने पुढे भागीदारीत धंदे केले आणि त्यांतून वितुष्ट आले. बोटीच्या एका खोलीत पाच महिने सुखाने राहिलेले दोघे वहीखात्यावर टिकले नाहीत. आमच्या व्यवसायात हे नित्य दिसते.

व्यापारी जगाने ह्या प्रयोगातून आपला धडा घेतला. २२ जानेवारी १८९१ रोजी हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालिनने ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ ही टोलेजंग बोट, हिवाळ्यात अटलांटिकवर गिऱ्हाईक नसते म्हणून, २४१ प्रवासी घेऊन भूमध्य समुद्राकडे सोडली. त्या जाहिरातीत अर्जदारांची पारख करणारी समिती नव्हती. पैसे भरील तो प्रवासी. आज त्या समुद्रात हजारो माणसे पोटात घेऊन फिरणारी जहाजे आहेत, आणि त्यांतील प्रवाशांस कोणी यात्रेकरू म्हणत नाही, ते स्वतःही म्हणत नाहीत.

ट्वेनचा आणि आपला संबंध एकदाच आला. १८९४ साली त्याची प्रकाशनसंस्था बुडाली. नादारीच्या कायद्याच्या आडोशाला बसून थोडक्यात सुटता आले असते. त्याने पै अन् पै फेडावयाचे ठरविले, आणि साठीच्या उंबरठ्यावर पत्नी व मुलीस घेऊन जगभर व्याख्याने देत फिरला. १८९८ पर्यंत सर्व ऋण फिटले. त्या दौऱ्यात जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईस उतरला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस वडोदे येथे सयाजीराव महाराजांच्या राजवाड्यात त्याचे व्याख्यान झाले. वडोद्याच्या मराठी मंडळींपैकी कोणाच्या पणजोबांनी ते ऐकलेही असेल.

वडोद्याहून तो पुढे उत्तरेस गेला. प्रयागास तेव्हा माघमेळा भरला होता. दूरदूरच्या खेड्यांतून महिना महिना चालत आलेली माणसे, जख्ख म्हाताऱ्या, कडेवरची मुले, धुळीने माखलेले पाय, अर्धपोटी राहून गाठलेले पाणी, हे सर्व त्याने पाहिले. ते पाणी त्यास गढूळ दिसले आणि तसे त्याने लिहिलेही. काशीची व गंगेची थट्टाही पुढे पुष्कळ केली. पण ह्या चालत आलेल्या माणसांपाशी त्याची लेखणी थबकली. एवढे कष्ट कुरकुर न करता सोसावयास लावणारी ही श्रद्धा प्रेमातून येते की भीतीतून, हे आपणांस ठरविता येत नाही, पण आपल्यासारख्या थंड रक्ताच्या गोऱ्यांस तिची कल्पनाही करवत नाही, असा त्याचा अभिप्राय ‘फॉलोइंग द इक्वेटर’ ह्या १८९७ च्या पुस्तकात आहे. दमास्कसच्या वाटेवर लंगडलेली घोडी त्या वेळी त्यास आठवली की नाही, हे त्याने लिहिलेले नाही. प्रयागच्या त्या गर्दीतील बहुतेकांपाशी घोडेच नव्हते.